चामडं किती जाड असावं? : म्हैसूरच्या मुक्कामातून



म्हैसूरला येऊन मला दीड वर्ष झालं. बदली एनसीसीवर आहे. सकाळी कॅडेट्सची परेड, दुपारी कागदपत्रं आणि रविवार मोकळा. दसरा, चंदन, रेशीम, म्हैसूरपाक हे सगळं इथे आहेच. पण ज्याने नोकरीतली पहिली वर्षं सिग्नल्समध्ये डीआर म्हणून मोटरसायकलवर काढली, त्याच्यासाठी हे जावा-येझदीचं गाव आहे. आजही एखाद्या गल्लीतून तो टू-स्ट्रोकचा आवाज येतो आणि पाय आपोआप थांबतात.

इथल्या पोरांचा मला नेहमीचा प्रश्न असतो, "सर, रायडिंगसाठी लेदर जॅकेट कुठलं घ्यायचं?" माजी सैनिक मित्रही मुलांसाठी हेच विचारतात. प्रश्न साधा वाटतो. पण चामडं कुठल्या जनावराचं, कसं कमावलेलं आणि किती मिलिमीटरचं, या तीन गोष्टी कळल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. या तिन्हींचा इतिहास म्हैसूरच्या आसपास पसरलेला आहे. म्हणून आधी इतिहास सांगतो आणि मग जॅकेटकडे येतो.

सुरुवात श्रीरंगपट्टणपासून करू. म्हैसूरहून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. हैदर आणि टिपूच्या फौजेतले अग्निबाण आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. लोखंडी नळीत दारू भरायची आणि ती नळी लांब बांबूला किंवा तलवारीच्या पात्याला बांधायची. हे बाण आपल्या मराठी फौजांनीही पाहिले. १७९२ च्या वेढ्यात कॉर्नवॉलिसच्या जोडीला हरिपंत फडके इथेच तळ देऊन होते. इंग्रजांनी यातले काही बाण विलायतेला नेले. पूर्वी वूलविचला असलेल्या तोफखाना संग्रहातल्या एका बाणाची नळी सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाची आणि २५ सेंटिमीटर लांब आहे, आणि ती सुमारे एक मीटर लांबीच्या पात्याला बांधलेली आहे. कशाने बांधली आहे? कातड्याच्या वादीने.

लोखंडी नळीचं कौतुक सगळे करतात, वादीकडे कुणाचं लक्ष जात नाही. खरं तर तिथे दोरी चालली नसती. कच्चं, न कमावलेलं कातडं भिजवून ओलंच आवळलं की सुकताना आकसतं आणि लाकडासारखं कडक होतं. आपल्याकडे शेतकरी जुवाला वादी बांधायचे ती याच गुणामुळे. पण हेच कातडं अंगावर घालता येत नाही. पावसात ते लिबलिबीत होतं, कुजतं, आणि उन्हात फळीसारखं ताठतं. म्हणजे कातडं तेच असलं तरी काम बदललं की त्यावरची प्रक्रिया बदलावी लागते. हा पहिला धडा.

ती प्रक्रिया म्हणजे कमावणं. दख्खनच्या कोरड्या माळावर पिवळ्या फुलांचं तरवडाचं झुडूप सगळ्यांनी पाहिलं असेल. सातारा-सांगलीपासून म्हैसूरपर्यंत ते रस्त्याकडेला उगवतं. इकडे त्याला तंगडी म्हणतात, तामिळमध्ये आवारम. त्याच्या सालीत टॅनिन भरपूर असतं. दक्षिणेत या सालीवर कमावलेलं चामडं एकोणिसाव्या शतकात मद्रासमार्गे मोठ्या प्रमाणात विलायतेला जात असे. आपल्या कोल्हापूरकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. आधी चुन्याच्या कुंडात केस आणि मांस सोडवायचं, मग कातड्याची पिशवी शिवून ती टांगायची, तिच्यात सालीचं पाणी भरायचं आणि ते झिरपेल तसं पुन्हा ओतत राहायचं. कोल्हापुरी चपलेचं चामडं असं तयार होतं. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून. चामड्याने राज्यांची सीमा कधी मानली नाही.

ज्यांनी ही विद्या सांभाळली त्यांना गावाने मात्र वेशीबाहेर ठेवलं. बाराव्या शतकात बसवण्णांच्या शरणांमध्ये कक्कय्या हे कातडी कमावणाऱ्या समाजातले होते. ढोर समाज आजही त्यांना आपला संत मानतो आणि धारावीत त्यांच्या नावाची शाळा आहे. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातलं कक्केरी हे त्यांचं स्थान. दुसरे शरण हरळय्या. त्यांनी आपल्या आणि पत्नीच्या मांडीच्या कातड्याच्या वहाणा करून बसवण्णांना दिल्या अशी कथा कर्नाटकात घरोघरी सांगतात. फौजेत आपण बूट आरशासारखा चमकवतो. तो बूट ज्या हातांनी शक्य केला, त्यांची आठवण त्या चमकेत ठेवायला हरकत नाही.

कुठलं कातडं कशाला, हे या मंडळींना पक्कं ठाऊक होतं. म्हशीचं कातडं जाड आणि दणकट, म्हणून ते मोटेला, पखालीला आणि तळव्याला. बैलाचं घट्ट विणीचं, ते वाद्यांना आणि पट्ट्यांना. बकऱ्याचं पातळ पण चिवट, ते मशकीला आणि वाद्यांच्या पुडीला. मेंढीचं मऊ, पण ओढलं तर लवकर फाटणारं. ज्यांनी खेचरांच्या तुकड्यांबरोबर डोंगरात नोकरी केली आहे, त्यांना 'पखाल' हा शब्द नवा नाही. आमच्या घरी आजोबांच्या मोटेचा तुकडा बरीच वर्षं माळ्यावर पडून होता. करवतीशिवाय कापला नसता इतका जाड.

आता म्हैसूरच्या घोडदळाकडे येऊ. पहिल्या महायुद्धात म्हैसूर लान्सर्स पॅलेस्टाईनमध्ये लढले. २३ सप्टेंबर १९१८ ला जोधपूर लान्सर्सनी हैफा शहरावर चाल केली तेव्हा म्हैसूरच्या स्वारांनी कार्मेल डोंगराच्या बाजूने तोफा आणि मशीनगन अंगावर घेतल्या. दिल्लीच्या तीन मूर्तींमधली एक मूर्ती त्यांचीच आहे. घोडदळ म्हणजे चामडंच चामडं. खोगीर, लगाम, तंग, रिकिबीच्या वाद्या, बंडोलियर. हे सगळं वनस्पतीच्या सालीवर कमावलेलं, तीन-चार मिलिमीटर किंवा त्याहून जाड असे, कारण त्याला वजन पेलायचं आणि ताण सोसायचा. कानपूरला सरकारी हार्नेस अँड सॅडलरी फॅक्टरी १८६० च्या दशकात सुरू झाली ती अशाच सामानासाठी.

घोडा गेला आणि निरोप्या मोटरसायकलवर बसला. आता चामड्याचं काम पुन्हा बदललं. त्याला वजन पेलायचं नव्हतं. माणूस रस्त्यावर घासत जाईल तेव्हा त्याच्या कातडीच्या आधी झिजायचं होतं, आणि तोपर्यंत अंगाबरोबर वळायचंही होतं. खोगिराच्या चामड्याचं जाकीट शिवलं तर कोपर वाकणार नाही. पातळ आणि मऊ, तरीही चिवट चामडं हवं होतं. ते क्रोमने दिलं.

क्रोम टॅनिंगची पहिली चालणारी पद्धत न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झने १८८४ मध्ये पेटंट केली. १८९३ मध्ये मार्टिन डेनिसने ती एकाच कुंडात होईल अशी सोपी केली. जे काम सालीच्या पाण्यात आठवडे घेई ते क्रोमियमच्या क्षारांनी दोन-चार दिवसांत होऊ लागलं. हे चामडं मऊ राहतं, पाण्यात कुजत नाही आणि उष्णता जास्त सोसतं. सालीवर कमावलेलं चामडं साधारण ७५ ते ८५ अंशांना आकसू लागतं, तर चांगलं क्रोमचं चामडं उकळत्या पाण्यातही टिकतं. डांबरावर घासताना किती उष्णता होते हे ज्याचा गुडघा एकदा खरचटला आहे त्याला सांगायला नको.

हे तंत्र दक्षिणेत आणण्यात आल्फ्रेड चॅटर्टन यांचा मोठा वाटा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी मद्रासमध्ये क्रोम टॅनिंगचे प्रयोग केले. त्यामागचा एक हेतू वाचून मला फार आनंद झाला. त्यांना विहिरीच्या मोटेसाठी पाण्यात लवकर न कुजणारं चामडं हवं होतं. म्हणजे आज आपण ज्या चामड्याचं जाकीट घालतो, ते आपल्या मुलुखात आलं तेव्हा शेतकऱ्याच्या मोटेचा विचार त्याच्या बरोबर होता. चॅटर्टन पुढे म्हैसूर संस्थानात उद्योग खात्याचे संचालक झाले. दिवाण होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. चंदनतेल आणि साबणाचे कारखाने सगळ्यांना माहीत आहेत. त्याच काळातल्या उद्योगांच्या यादीत क्रोम टॅनिंगचा कारखानाही येतो.

तिकडे युरोपात पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना बिनबाह्यांचं, आतून लोकरी कापड लावलेलं कातडी जर्किन मिळालं. आपण मराठीत थंडीतल्या कुठल्याही जाकिटाला 'जर्किन' म्हणतो, तो शब्द याच वस्त्राचा. ते खंदकातल्या थंडीसाठी होतं, रस्त्यासाठी नव्हतं. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या अर्विंग शॉटने मोटरसायकलवाल्यांसाठी 'परफेक्टो' जाकीट काढलं. तिरकी चेन, रुंद कॉलर, जाड घोड्याचं चामडं. आज सिनेमात दिसणाऱ्या काळ्या जाकिटाचा तो आजोबा. वैमानिकांसाठी मेंढीच्या लोकरीसकट कातड्याची जाकिटं आली. ती उबेला उत्तम, पण घासण्याला कमजोर. दिसायला सगळी 'लेदर जॅकेट'च, प्रत्येकाचा शत्रू मात्र वेगळा.

फौजेने एक गोष्ट रक्त सांडून शिकली. मे १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स मोटरसायकल अपघातात डोक्याला मार लागून वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे सर्जन होते. त्यांनी पुढे डीआर लोकांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटचं महत्त्व आकड्यांनिशी मांडलं. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिटिश सैन्यात मोटरसायकलवाल्यांना हेल्मेट सक्तीचं झालं. डोक्याचा हिशेब असा झाला. अंगावरच्या कातडीचा हिशेब व्हायला आणखी पन्नास वर्षं लागली.

मधल्या काळात म्हैसूरने मोटरसायकली बनवल्या. रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या आयडियल जावाचा कारखाना यादवगिरीत उभा राहिला आणि १९६१ पासून चेक जावा २५० इथे तयार होऊ लागली. उद्घाटन जयचामराजेंद्र वाडियारांच्या हस्ते झालं. १९७३ पासून गाडीचं नाव येझदी झालं, १९७८ मध्ये रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. किक आणि गिअर एकाच दांड्यावर असलेली ही गाडी शेतकऱ्याने, मास्तराने आणि फौजीने सारख्याच प्रेमाने चालवली. दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस साजरा होतो, तेव्हा बापाची गाडी घेऊन मुलगा आलेला दिसतो.

त्या काळचे फोटो इथल्या जुन्या मेकॅनिकांकडे पाहायला मिळतात. टेरिलीनचा शर्ट, बेलबॉटम, पायात चप्पल. फौजेत आम्हाला निदान हेल्मेट, जाड हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट होते, बाकी अंगावर सुती डांगरीच. गाडी 'आयुष्यभराची' म्हणून घेतली जायची. चालवणाऱ्याच्या कातडीचा विचार कुणी केला नव्हता.

हे आज का लिहितो आहे, तेही सांगतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या एका माजी सैनिक मित्राचा मुलगा नंजनगूड रस्त्यावर वाळूवर घसरला. वेग साठच्या आसपास. अंगात काळं, झोकदार, महाग लेदर जॅकेट. कोपराजवळची शिवण पहिल्या झटक्यात उसवली आणि हाताची कातडी मनगटापर्यंत सोलली गेली. मांडीची कातडी काढून तिथे लावावी लागली. मी ते जाकीट हातात घेऊन पाहिलं. मेंढीचं चामडं, पाऊण मिलिमीटर, एकेरी शिवण. विकणाऱ्याने ते 'रायडर जॅकेट' म्हणून विकलं होतं. पोराची चूक एवढीच, की त्याने नावावर विश्वास ठेवला.

साधा हिशेब करू. रस्ता आणि चामडं यांच्यातलं घर्षण ०.७ धरलं तर ताशी ६० किलोमीटरने पडलेला माणूस साधारण अडीच सेकंद आणि वीस मीटर घसरत जातो. ८० ला सव्वातीन सेकंद आणि पस्तीस मीटर. १०० ला चार सेकंद आणि पंचावन्न मीटरच्या पुढे. एवढा वेळ चामड्याने आणि शिवणीने टिकायचं. केंब्रिजच्या रॉडरिक वुड्स यांनी १९९० च्या दशकात नेमकं हेच मोजलं. त्यातून २००२ चं ईएन १३५९५ हे युरोपीय मानक आलं. त्यात कोपर-खांद्यासारख्या सर्वांत धोक्याच्या जागी पहिल्या पातळीला चार सेकंद आणि दुसऱ्या पातळीला सात सेकंद टिकण्याची अट होती. २०२० पासून ईएन १७०९२ आलं. त्यात एएए, एए, ए असे वर्ग आहेत. एएए सर्वांत दणकट, ए हा शहरातल्या हलक्या वापराला.

आता चामड्यांची तुलना करू. मेंढीचं नापा ०.६ ते ०.८ मिलिमीटर. लोण्यासारखं मऊ आणि लग्नाला शोभेल असं, पण रस्त्यावर उपयोग नाही. बकऱ्याचं ०.९ ते १.१. वीण घट्ट, जाडीच्या मानाने चिवट आणि हलकं. म्हैसूर-बंगळुरूच्या हवेत हातमोज्यांना उत्तम, आणि नीट शिवलेलं असेल तर जाकिटालाही चालतं. गाय-बैल वर्गाचं १.२ ते १.४. जगभर रायडिंगचं हेच मुख्य चामडं, कारण घासणं आणि वळणं या दोन्हींचा मेळ इथे बसतो. म्हशीचं कातडं मूळचं फार जाड. ते यंत्राने चिरून १.३ ते १.५ वर आणतात. ते स्वस्त पडतं, पण रवा खडबडीत, तंतू थोडे सैल आणि वजन जास्त. घरात गाईचं चामडं चालत नसेल तर म्हशीचं घ्यावं, फक्त जाडी थोडी वरची मागावी. कांगारूचं एक मिलिमीटरच्या आतबाहेर असूनही फार चिवट, म्हणून शर्यतवाले ते घालतात. किंमतही तशीच.

जाडी हा अर्धाच भाग. जाड कातडं आडवं चिरलं की वरचा थर 'फुल ग्रेन' आणि खालचा 'स्प्लिट'. ताकद वरच्या थरात आणि त्याच्या लगतच्या तंतूंत असते. खालच्या थरावर रंगाचा जाड लेप देऊन तो चकचकीत केलेला असतो. १.४ मिलिमीटरचा स्प्लिट १.१ च्या फुल ग्रेनपुढे हरू शकतो. आणि चामडं टिकूनही शिवण उसवली तर सगळं फुकट. कोपर, खांदा आणि पाठीला दुहेरी-तिहेरी शिवण हवी, त्यातली निदान एक आत झाकलेली, म्हणजे रस्ता तिला घासणार नाही. दोरा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा, सुती नको.

दुकानात मोजायचं कसं? आपल्या खिशातलं कँटीन कार्ड काढा. एटीएम कार्डाच्या मापाचं हे कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं. दुकानदाराकडे त्याच चामड्याचा सुटा तुकडा मागा आणि शेजारी धरा. एका कार्डाएवढा भरला तर ते फिरायला जायचं जाकीट. दीड ते पावणेदोन कार्डांएवढा भरला तर रस्त्याचं. काठावर मोजू नका, तिथे चामडं दुमडलेलं किंवा तासलेलं असतं. परदेशी मालावर औंस लिहिलेले असतात. एक औंस म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर, म्हणून तीन औंस म्हणजे १.२. आतल्या पट्टीवर मानकाचा शिक्का आणि कोपर-खांद्याला ईएन १६२१ चे पॅड आहेत का ते पाहा. असं जाकीट तीन-चार किलो भरतं. हातात घेतल्याबरोबर जाणवतं.

घेतल्यावर निगा राखा. पावसात भिजलं तर सावलीत, रुंद हँगरवर सुकवा. हीटरजवळ किंवा उन्हात नको, आकसेल. बुरशी आली तर ओलसर फडक्याने पुसून हवेवर ठेवा. मग थोडं कंडिशनर. आपल्या कोतात बुटांना आणि खोगिरांना डबिन लावायचो ते काम इथेही चालतं, पण हलक्या हाताने, कारण जास्त तेलाने चामडं ढिलं पडतं. वर्षातून एकदा शिवणी बोटाने ओढून तपासा.

श्रीरंगपट्टणच्या वादीपासून मोटेपर्यंत, लान्सर्सच्या खोगिरापासून कोल्हापुरी वहाणेपर्यंत, ज्यांनी चामडं केलं त्यांनी आधी काम विचारलं आणि मग कातडं निवडलं. बाजार आज उलटं करतो. आधी रूप दाखवतो आणि काम आपल्यावर सोडतो. तेव्हा मुलासाठी जाकीट घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा नको. जनावर कोणतं, थर कोणता, किती मिलिमीटर आणि शिवण किती पदरी, हे चार प्रश्न विचारा. ज्याला उत्तरं देता येत नाहीत, त्याच्याकडून पर्स घ्या, पाकीट घ्या, जाकीट घेऊ नका.

मित्राचा मुलगा आता बरा आहे. हाताची बोटं पूर्ण मिटतात. गाडी त्याने सोडलेली नाही, आणि मीही सोड म्हटलेलं नाही. नवं जाकीट १.३ मिलिमीटरचं आहे.

जय हिंद.